वयाबरोबर विस्तारत गेलेले घर : महर्षी धोंडो केशव कर्वे

पालकभेटीच्या रविवारी आपल्या निवासी विद्यालयाच्या फाटकापाशी जे दृश्य दिसते, ते आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. आईवडील कामाच्या पाळीमुळे येऊ शकत नाहीत, तेव्हा नातवंडांच्या भेटीला आजीआजोबा येतात. कोणी उल्हासनगरच्या कॅम्पातून, कोणी अंबरनाथच्या जुन्या चाळीतून, कोणी बदलापूरच्या नव्या इमारतीतल्या चौथ्या मजल्यावरून आलेले असतात. हातात डब्याची पिशवी असते. भेटीची वेळ सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून ही वडीलधारी मंडळी झाडाखाली बसलेली असतात आणि भेट संपल्यावरही त्यांचे पाऊल लवकर निघत नाही. त्यांपैकी अनेकांनी आयुष्यभर कारखान्यात, रेल्वेत, नगरपालिकेत किंवा आयुधनिर्माणीत कष्ट केले. मुले शिकली, नोकरीला लागली, पहाटेच्या लोकलने मुंबईला जाऊ लागली आणि रात्री परतू लागली. घर मोठे झाले, परंतु दिवसा त्या घरात बोलायला कोणी उरले नाही.

या स्मरणिकेत थोरांची चरित्रे द्यावीत असे ठरले, तेव्हा आमच्या मनात हीच झाडाखालची माणसे होती. थोरांच्या बालपणाच्या आणि संघर्षाच्या कथा आपण मुलांना नेहमीच सांगतो. थोर माणसे म्हातारी कशी झाली हे मात्र क्वचितच सांगितले जाते. म्हणून आम्ही अशा एका पुरुषाचे चरित्र निवडले, ज्यांना एकशे चार वर्षांचे आयुष्य लाभले, आणि ज्यांच्या आयुष्यातील पुष्कळशी मोठी कामे इतर माणसे निवृत्त होतात त्या वयानंतर घडली. ते म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे, घरच्यांचे आणि आश्रमवासीयांचे अण्णा.

ही निवड करताना आमच्यात मतभेद झाले, हे प्रारंभीच नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल. आपल्या समाजातील वाचक विचारतील की, ज्या पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1848 साली मुलींची शाळा काढली आणि पुढे अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठीही शाळा चालवल्या, त्याच पुण्यात अर्धशतकानंतर कर्व्यांच्या आश्रमाची दारे केवळ उच्चवर्णीय विधवांपुरती का उघडी होती? हा प्रश्न रास्त आहे. त्याला बगल देऊन लिहिलेले चरित्र आम्हाला नको होते. किंबहुना या प्रश्नाचे ओझे कर्व्यांनी उतारवयात कसे उचलले, हाच या चरित्राचा आम्हाला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग आहे.

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म 18 एप्रिल 1858 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली या आजोळच्या गावी झाला. त्यांचे घर दापोली तालुक्यातील समुद्रकाठच्या मुरुड गावी होते. घराण्याला एकेकाळी वैभव होते, पण त्यांच्या जन्मापूर्वीच ते लयाला गेले होते. वडील केशवपंत दुसऱ्यांच्या व्यवहाराची देखरेख करून प्रपंच चालवीत. घरात दारिद्र्य असले, तरी आई लक्ष्मीबाई यांचा स्वाभिमान असा होता की, फुकटची दक्षिणा घ्यायला मुलांनी हात पसरावा हे त्यांना मान्य नव्हते. थोरले बंधू भिकाजीपंत आणि धाकटी बहीण अंबाताई यांच्यासह वाढलेल्या या मुलाने घेतलेला पहिला धडा हाच की, मिळवायचे ते कष्टाने मिळवायचे आणि हात पसरायचा तो दुसऱ्यांसाठी.

सतराव्या वर्षी ते एका परीक्षेसाठी काही सोबत्यांसह मुरुडहून साताऱ्यास पायी निघाले. वाट सह्याद्रीच्या घाटातून जात होती आणि अंतर शंभराहून अधिक मैलांचे होते. पाय सुजलेल्या अवस्थेत ते परीक्षकांपुढे उभे राहिले, तेव्हा हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही, या कारणावरून त्यांना परीक्षेला बसू दिले गेले नाही. ते तसेच परत फिरले. त्या परतीच्या वाटेवर सोबतीला मित्र होते, ही गोष्ट आपण सहसा विसरतो. कर्व्यांच्या आयुष्यात अपमानाचे प्रसंग पुष्कळ आले, पण त्या बहुतेक प्रसंगी त्यांच्याशेजारी कोणीतरी चालत होते.

मॅट्रिक होईपर्यंत त्यांनी तेविसावे वर्ष गाठले होते. तोवर विवाह झालेला होता आणि लवकरच, 1882 च्या जानेवारीत, राधाबाईंच्या पोटी रघुनाथचा जन्म झाला. 1884 मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून ते गणित विषय घेऊन पदवीधर झाले. मुंबईत शाळांतील अध्यापन आणि खाजगी शिकवण्या यांत त्यांचा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत जाई. मिळकतीतला काही भाग ते परोपकारासाठी बाजूला काढीत आणि गावाच्या सुधारणेसाठी त्यांनी मुरुड फंडही उभारला.

याच मुंबईत त्यांना नरहरपंत जोशी यांची मैत्री लाभली. दोघेही कोकणातून शिक्षणासाठी आलेले आणि दोघांचीही परिस्थिती बेताची. काही काळ दोन्ही कुटुंबांनी एकत्र बिऱ्हाड केले. एका चुलीवर दोघांचा स्वयंपाक होई आणि एकाचे दुखणे दुसऱ्याच्या घरचे दुखणे होई. आज उल्हासनगरच्या चाळीत वाढलेल्या कोणासही हे घर ओळखीचे वाटेल. नरहरपंतांची बहीण गोदूबाई बालपणीच, विवाहानंतर काही महिन्यांतच विधवा झालेली होती. नरहरपंत तिला मुंबईस घेऊन आले आणि त्या सामायिक घराचा भार तिने उचलला. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, तेव्हा तेथे दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी ही गोदूबाईच होती.

1891 हे वर्ष कर्व्यांच्या आयुष्याला कलाटणी देणारे ठरले. राधाबाईंचे निधन झाले. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले यांच्या निमंत्रणावरून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक म्हणून रुजू झाले. जोतीराव फुले यांचे निधन होऊन तेव्हा जेमतेम एक वर्ष उलटले होते. विधुर पुरुषाने कोवळ्या मुलीशी लग्न करणे हा त्या काळचा रिवाज होता. कर्व्यांनी मात्र विवाह करायचा तर विधवेशीच, असा निश्चय केला. मित्राच्या वडिलांनी आणि स्वतः गोदूबाईंनी या विवाहाला संमती दिली आणि 11 मार्च 1893 रोजी पुण्यात हा पुनर्विवाह झाला. गोदूबाईंचे नाव आनंदीबाई झाले, तरी पुढे सर्वांच्या तोंडी त्या बाया म्हणूनच राहिल्या.

मुरुडने या दांपत्यावर बहिष्कार टाकला. त्यांच्याशी जो संबंध ठेवील तोही वाळीत पडेल, असे ठरले. आईला मुलाला जवळ घेणे अवघड झाले आणि भावाला भावाच्या पंक्तीला बसणे अशक्य झाले. ज्या समाजाने पिढ्यान्पिढ्या बहिष्कार सोसला, त्याला हा प्रसंग वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. कर्व्यांचा बहिष्कार काही वर्षांचा होता आणि आपल्या पूर्वजांचा जन्मभराचा होता, हा फरक आम्ही विसरत नाही. तरीही आपल्याच माणसांच्या दारात परके होऊन उभे राहण्याचे दुःख त्यांनी प्रत्यक्ष भोगले होते, हे लक्षात ठेवले पाहिजे.

1896 मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली. पुण्यात प्लेगने थैमान घातल्यावर 1900 साली आश्रम शहराबाहेर हिंगणे येथे गेला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या जमिनीवर एक झोपडी उभी राहिली. दिवसभर महाविद्यालयात शिकवून कर्वे संध्याकाळी चिखलाची वाट तुडवत हिंगण्यास जात, मुलींना शिकवीत आणि पुन्हा पुण्यास परतत. वसतिगृह चालवणे म्हणजे काय असते, हे या स्मरणिकेच्या वाचकांना ठाऊक आहे. धान्य संपत आलेले असते, एखादी मुलगी तापाने फणफणलेली असते, देणगीदाराने दिलेला शब्द पाळलेला नसतो आणि तरीही सकाळची घंटा वेळेवर वाजावी लागते. हिंगण्याची घंटा कर्व्यांनी अशीच वाजती ठेवली.

या कामाची किंमत घराने मोजली. कर्व्यांनी आपली शिल्लक आश्रमाला दिली, आयुर्विम्याची पॉलिसीही आश्रमाच्या नावे केली. घरी चार मुलगे होते: थोरला रघुनाथ आणि बायांचे शंकर, दिनकर व भास्कर. उद्या आपले काही बरेवाईट झाले तर या मुलांचे काय, हा बायांचा प्रश्न होता आणि तो अगदी योग्य होता. त्यांनी नागपूरला जाऊन सुईणीचे शिक्षण घेतले, ते स्वतःच्या पायावर उभे राहता यावे म्हणून. शिवाय ज्या आश्रमासाठी घर ओढग्रस्त झाले, त्या आश्रमात सुरुवातीला बायांना स्थान नव्हते. पुनर्विवाहित स्त्री तेथे वावरली तर लोक आपल्या विधवा मुली पाठवणार नाहीत, ही भीती होती आणि कर्व्यांनी त्या भीतीशी तडजोड केली. पुढील काळात बायाही आश्रमासाठी वर्गणी गोळा करीत हिंडल्या. त्यांनी आपले आत्मचरित्र लिहिले आणि त्यात आपल्या मनातले स्पष्टपणे मांडले. महापुरुषाच्या घरात राहणाऱ्या माणसांचे ऋण समाज क्वचितच मान्य करतो. आम्ही ते येथे कृतज्ञतेने मान्य करतो.

तरीही हे घर तुटले नाही. उलट ते वाढतच गेले, आणि कसे वाढले हे पाहण्यासारखे आहे. बायांच्या बहीण पार्वतीबाई आठवले तरुणपणीच विधवा झाल्या. त्या बहिणीच्या आश्रयाला आल्या, शिकल्या आणि पुढे आश्रमाच्या आधारस्तंभ बनल्या. इंग्रजी फारसे येत नसतानाही आश्रमाच्या निधीसाठी त्या थेट अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. कर्व्यांच्या नात्यातले धाकटे बंधू रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे शिक्षणासाठी त्यांच्या घरी राहिले, पुढे केंब्रिजला जाऊन 1899 साली सीनियर रँग्लर झाले आणि फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी भूषवले. 1916 मध्ये कर्व्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले, तेव्हा डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर कुलपती झाले आणि कुलगुरुपद याच परांजप्यांकडे आले. पुढे परांजप्यांच्या घरात त्यांच्या मुलीची शाळेतली मैत्रीण इरावती करमरकर लेकीसारखी वाढली. तिचा विवाह कर्व्यांचे चिरंजीव दिनकर यांच्याशी झाला आणि मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे म्हणून तिने नाव मिळवले. एका घराने एका मुलाला जागा दिली, त्या मुलाने आपल्या घरात एका मुलीला जागा दिली आणि ती मुलगी सून होऊन पहिल्या घरी आली. मैत्री आणि नाते यांच्यात भिंत न घातल्याचे हे फळ होते.

महिला विद्यापीठ सुरू झाले तेव्हा कर्व्यांचे वय अठ्ठावन्न होते आणि महाविद्यालयातून निवृत्त होऊन त्यांना दोन वर्षे झाली होती. पहिल्या वर्गात अवघ्या पाच विद्यार्थिनी होत्या. 1920 मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव विद्यापीठाला मिळाले. येथे कोणीही समाधानाने विसावले असते. कर्वे मात्र वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, 1929 मध्ये, परदेशी निघाले. इंग्लंड, युरोप, अमेरिका आणि जपान असा प्रवास करून त्यांनी शिक्षण परिषदांत भाग घेतला, आपल्या कामाची माहिती दिली आणि निधी जमवला. ज्या जपानी महिला विद्यापीठाच्या माहितीवरून त्यांना आपल्या विद्यापीठाची कल्पना सुचली होती, ते त्यांनी प्रत्यक्ष पाहिले. बर्लिनमध्ये त्यांनी अल्बर्ट आइन्स्टाइन यांची भेट घेतली.

त्याच काळात त्यांच्या सूनबाई इरावती बर्लिनमध्ये संशोधन करीत होत्या. दिनकरांनी पत्नीला उच्च शिक्षणासाठी जर्मनीस पाठवायचे ठरवले, तेव्हा त्यास खुद्द कर्व्यांचा विरोध होता. स्त्रीशिक्षणाला आयुष्य वाहिलेल्या माणसालाही स्वतःच्या सुनेचे पाऊल जड वाटावे, ही गोष्ट आम्हाला फार बोलकी वाटते. मुलाने वडिलांचे ऐकले नाही, सून गेली, शिकून परत आली आणि घरातले प्रेम आटले नाही. वडीलधाऱ्याचा शब्द मोडला गेल्यावर त्याने रुसून न बसणे, हीदेखील सुंदर वार्धक्याची खूण आहे.

युरोप-अमेरिकेहून परतल्यावर काही महिन्यांतच ते आफ्रिकेस निघाले. मोंबासा येथे डॉ. शंकर कर्वे वैद्यकीय व्यवसाय करीत होते. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतील भारतीय वस्त्यांतून कर्व्यांनी संस्थेसाठी वर्गणी जमवली. म्हातारपणी मुलाकडे जाणे म्हणजे केवळ विश्रांतीला जाणे, असा अर्थ त्यांनी कधी घेतला नाही.

थोरले रघुनाथ यांची वाट सर्वांत वेगळी आणि सर्वांत काट्यांची होती. गणिताचे हे प्राध्यापक संततिनियमनाचे आद्य प्रचारक झाले. त्यासाठी त्यांनी नोकरी गमावली, ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले आणि खटले सोसले. 1934 साली अशाच एका खटल्यात त्यांची बाजू मांडण्यासाठी वकील म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते, हे आपल्या वाचकांना मुद्दाम सांगावेसे वाटते. खटल्याचा निकाल विरुद्ध गेला. पण ज्याच्याजवळ उभे राहायला प्रतिष्ठित लोक कचरत होते, त्याच्याजवळ बाबासाहेब उभे राहिले.

आता त्या प्रारंभीच्या प्रश्नाकडे येऊ. आश्रम उच्चवर्णीयांपुरता मर्यादित ठेवण्यामागे देणगीदारांची आणि लोकमताची भीती होती, असे समर्थन केले जाते. भीतीचे कारण समजू शकते, पण त्यामुळे ज्या मुली दाराबाहेर राहिल्या त्यांचे नुकसान भरून निघत नाही. या उणिवेनंतर कर्व्यांनी काय केले, हे आम्ही पाहतो. 1936 मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले. ज्या खेड्यांत शाळा नव्हती तेथे शाळा उघडाव्यात, हा त्याचा हेतू होता. आपल्या तुटपुंज्या निवृत्तिवेतनातला भाग त्यांनी या कामी दिला आणि स्वतः पुण्यात दारोदार हिंडून लोकांकडून पैसा-आणा गोळा केला. जगभर मान मिळवलेला हा वृद्ध कोणाच्याही उंबऱ्यावर नाण्यासाठी थांबण्यात कमीपणा मानत नव्हता.

आणि 1944 मध्ये, शहाऐंशीव्या वर्षी, त्यांनी समता संघ स्थापन केला. जातिभेद नाहीसा व्हावा आणि माणसामाणसांत समता यावी, हा त्याचा उद्देश होता. ही घटना उशिराची आहे, हे आम्ही जाणतो. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह 1927 साली झाला होता. त्याच वर्षी आपल्या बदलापुरात शिवजयंतीच्या उत्सवाला बाबासाहेब अध्यक्ष म्हणून येऊन गेले होते. म्हणजे आपल्या या परिसरात समतेचा विचार बोलला गेल्यानंतर सतरा वर्षांनी हा संघ निघाला. पण शहाऐंशीव्या वर्षी माणसे आपल्या जुन्या मतांचे रक्षण करीत बसतात. आपण केले तेच कसे योग्य होते, हे पटवण्यात उरलेले आयुष्य घालवतात. कर्व्यांनी मात्र आपले वर्तुळ अपुरे होते हे ओळखले आणि ते पुन्हा मोठे केले. प्रथम मित्राचे घर, मग विधवांचा आश्रम, मग सर्व स्त्रियांचे विद्यापीठ, मग खेड्यातली मुले आणि शेवटी सर्व माणसे. वयाबरोबर त्यांचे घर लहान होत गेले नाही.

दीर्घायुष्य हे वरदान आहे तसे ते दुःखही आहे. जो फार जगतो, त्याला फार जणांना निरोप द्यावा लागतो. 1950 मध्ये बाया गेल्या. सत्तावन्न वर्षांची सोबत संपली. 1953 मध्ये थोरले चिरंजीव रघुनाथ गेले. तरुणपणीचे मित्र केव्हाच मागे राहिले होते. अशा वेळी माणूस एकाकी होतो. कर्व्यांनाही त्या जागा रिकाम्या वाटल्या नसतील, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. परंतु त्यांच्याभोवती हिंगण्याच्या मुली होत्या, मुलगे-सुना होत्या, नातवंडे होती आणि ज्यांना त्यांनी कधी काळी आधार दिला होता अशांची दुसरी-तिसरी पिढी होती. साधा आहार, नियमित चालणे आणि रोजचे काही काम, हा त्यांचा दिनक्रम होता. तारुण्यात त्यांनी ज्या माणसांत आपले आयुष्य पेरले, त्याच माणसांनी त्यांचे वार्धक्य राखले.

मानसन्मान उशिरा पण भरभरून आले. 1955 मध्ये पद्मविभूषण आणि 1958 मध्ये, वयाला शंभर वर्षे पूर्ण होत असताना, भारतरत्न. त्यांच्या शंभराव्या वाढदिवशी भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या उपस्थितीत त्यांचा सत्कार झाला. ज्या मुलाला वय दिसत नाही म्हणून साताऱ्याच्या परीक्षेतून परत पाठवले गेले होते, त्याचे वय साजरे करण्यासाठी आता सारा देश जमला होता. 9 नोव्हेंबर 1962 रोजी पुण्यात त्यांनी शेवटचा श्वास घेतला. हिंगण्याचा तो परिसर आज कर्वेनगर म्हणून ओळखला जातो आणि आश्रमाची ती पहिली झोपडी अजून जपून ठेवलेली आहे.

या चरित्रातून आपण काय घ्यावे? सर्वांना शंभर वर्षे लाभणार नाहीत आणि सर्वांच्या हातून विद्यापीठे उभी राहणार नाहीत. पण एक गोष्ट प्रत्येकाच्या आवाक्यातली आहे. निवृत्तीनंतर आपल्या घराचे दार आणखी थोडे उघडणे. आपल्या परंपरेत कल्याणमित्र हा सुंदर शब्द आहे. जो आपल्याला चांगल्या वाटेवर ठेवतो आणि त्या वाटेवर आपल्यासोबत चालतो, तो कल्याणमित्र. असा मित्र लाभणे जितके भाग्याचे, तितकेच उतारवयात दुसऱ्या कोणाचा असा मित्र होणे भाग्याचे आहे. आणि तरुणांनीही हे लक्षात ठेवावे की, वडीलधाऱ्यांना औषधे आणि दोन वेळचे जेवण दिले म्हणजे कर्तव्य पूर्ण होत नाही. त्यांना काम हवे असते, विचारपूस हवी असते आणि आपला अजून उपयोग आहे ही जाणीव हवी असते.

विठ्ठलवाडीपासून बदलापूरपर्यंतच्या प्रत्येक वस्तीत असे शेकडो आजीआजोबा आहेत, ज्यांच्याजवळ सांगण्यासारखे आणि शिकवण्यासारखे पुष्कळ आहे. कोणी यंत्रावर तीस वर्षे काम केले आहे, कोणाला पाढे तोंडपाठ आहेत, कोणाला गोधडी शिवता येते, कोणी नामांतराच्या लढ्यात तुरुंग पाहिला आहे. दुसरीकडे आपल्या वसतिगृहात अशी मुले आहेत, ज्यांना संध्याकाळच्या वेळी घरची आठवण येते आणि ज्यांच्या भेटीला रविवारीही कोणी येऊ शकत नाही. म्हणून आमची सर्व माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना नम्र सूचना आहे की, पालकभेटीच्या रविवारी आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांना सोबत आणावे. त्यांनी आपल्या नातवंडाला भेटावे आणि ज्याला भेटायला कोणी आले नाही अशा एका मुलाला किंवा मुलीलाही जवळ बसवावे. डब्यातला एक घास अधिक करावा. कर्व्यांचे घर अशाच एकेका घासाने वाढत गेले होते.

एकशे चार वर्षांच्या आयुष्यात ज्यांनी आपले दार पुन्हा पुन्हा मोठे केले, त्या महर्षी धोंडो केशव कर्वे यांना, त्यांचा भार वाहणाऱ्या आनंदीबाईंना, आणि झाडाखाली वाट पाहत बसणाऱ्या आपल्या सर्व आजीआजोबांना विनम्र अभिवादन.